पदराकडे जाणारा हात

ताईंनी मला पहिल्यांदा झाप झाप झापलं, त्या दिवशी मी घरी येऊन शिरा केला. चांगला तुपातला, वेलदोडा घालून. सासूबाई सोप्यात लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांना मी आत्या म्हणते. रव्याचा वास बाहेर गेल्यावर त्यांनी विचारलं, "काय गं, आज सण न्हाई, वार न्हाई, शिरा कशाचा?"

मी म्हटलं, "आज डान्सच्या बाईंनी लय बोलणी दिली मला. सगळ्या पोरींच्या म्होरं."

आत्यांनी हातातला लसूण सुपात टाकला आणि सुनेला ऊन लागलंय का काय, अशा नजरेनं माझ्याकडं बघितलं. त्यांचं काही चुकलं नाही. पंचेचाळिशी ओलांडलेली बाई पोरीबाळींसमोर बोलणी खाऊन येते आणि गुणगुणत रवा भाजते, हे बघून कुणालाही काळजी वाटेल. पण त्या बोलण्यांसाठी मी दोन वर्षं वाट बघितली होती, हे त्यांना कुठं माहीत होतं. शिरा वाटीत घालून दिल्यावर मात्र त्यांनी पुढं काही विचारलं नाही.

माझं माहेर मेढ्याकडचं, डोंगरातलं. सासर मिरजेजवळ, उसातलं. आमचे मालक फौजेत होते, हवालदार होऊन रिटायर झाले आणि आता ऊस बघतात. मुलगी शाळेत असताना तिला मिरजेत भरतनाट्यमच्या क्लासला घातलं होतं. तंतुवाद्यं करणाऱ्यांची दुकानं आहेत, त्यांच्या मागच्या बोळात एका घराच्या माडीवर क्लास भरायचा. मी तिला स्कूटीवरून सोडायची आणि भाजीची पिशवी पायाशी ठेवून जिन्यात बसायची. खाली कुणीतरी तानपुऱ्याच्या तारा जुळवत असायचं, वर ताईंची काठी लाकडी ठोकळ्यावर वाजत असायची, आणि पिशवीशेजारी माझी पावलं आपली आपणच हलायची.

दहावी झाल्यावर मुलगी म्हणाली, मम्मी, मला कंटाळा आला. गेली इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला पुण्याला. पोरगी सुटली आणि मी अडकले. पुढच्याच आठवड्यात मी एकटीच माडी चढले आणि ताईंना म्हटलं, "मला घेता का?"

ताई बत्तीस-तेहतिशीच्या. माझ्या सगळ्यात धाकट्या बहिणीच्या वयाच्या. बेळगावकडच्या, लग्न होऊन मिरजेत आलेल्या. दिसायला नाजूक, पण काठी हातात घेतली की अख्खी माडी गप्प होते. त्या हसून म्हणाल्या, "या की काकू. दुपारी बायकांची बॅच आहे आमची."

बायकांच्या बॅचमध्ये आम्ही पाच-सहाजणी होतो. मजेत चाललं होतं. भरतनाट्यममध्ये गुडघे बाहेर काढून अर्धं बसायचं आणि त्याच बैठकीत पाय आपटायचे असतात. त्या बैठकीला अरमंडी म्हणतात. आमच्यातलं कुणी जेमतेम बसायचं, कुणी नुसतंच बसल्यासारखं करायचं. ताई सगळ्यांना एकच म्हणायच्या, "छान, काकू." पाय चुकला तरी छान. ठेका हुकला तरी छान. फारच घोळ झाला तर, "जमेल तसं करा, काकू."

आमच्या मागोमाग मुलींची बॅच असायची. मी मुद्दाम चपला हळूहळू घालायची आणि जिन्यात उभी राहून ऐकायची. तिथं ताईंचा आवाजच वेगळा. गुडघा. नजर कुठाय? परत. पाय झोपलाय का तुझा? परत. एकदा एक मुलगी जिन्यात येऊन रडत बसली. मी तिची समजूत घातली खरी, पण खरं सांगायचं तर मला तिचा हेवा वाटत होता.

मी स्वभावानं तिखट आहे. तोंडावर बोललेलं मला चालतं, भांडलेलंही चालतं. पण गोड बोलून कुणी गुंडाळायला लागलं की माझ्या लगेच ध्यानात येतं आणि डोकं फिरतं. 'छान काकू' म्हणजे आम्हाला माडीवर जागा होती, पण नाचात नव्हती.

दुसऱ्या वर्षी दसऱ्याच्या आगंमागं क्लासचा कार्यक्रम होता. मी ताईंना म्हटलं, मला अलारिपू शिकवा. शिकणारीनं सगळ्यात आधी करायचा तो नाच. आधी नुसती नजर हलते, मग मान, मग खांदे, मग हात-पाय. जिन्यात बसून मी तो इतक्या वेळा बघितला होता की ठेका पाठ होता. ताई म्हणाल्या, "कशाला काकू, गुडघ्यांना त्रास. तुमची गणेशवंदना इतकी छान दिसतीय." गणेशवंदनेत आम्ही निम्मा वेळ उभ्या उभ्या हातच हलवत होतो. त्या संध्याकाळी भाकऱ्या जरा जोरातच थापल्या गेल्या.

कार्यक्रम झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मालकांनी मोबाईलवर सगळं उतरवून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना आम्ही दोघं ते बघत बसलो. थोडा वेळ बघून ते म्हणाले, "हे मधीच काय करतीस गं? डास मारतीस व्हय?"

मी बघितलं. परत मागं घेऊन बघितलं. ठेका बदलला, की माझा उजवा हात कमरेवरून सुटायचा, खांद्याकडं जायचा, नसलेला पदर पुढं ओढायचा आणि गपचूप परत कमरेवर येऊन बसायचा. ओढणी तर मी कमरेला घट्ट बांधलेली होती. तरी हात जायचा. एकदा नव्हे, सारखा जायचा. मला त्यातलं काहीसुद्धा माहीत नव्हतं.

तो हात कुठून आला ते मात्र मला चांगलं माहीत होतं. लग्न होऊन या घरात आले, त्या पहिल्याच आठवड्यात आत्यांनी शिकवलं होतं. मोठं माणूस समोर आलं, की पदर उजव्या खांद्यावरून पुढं घ्यायचा आणि टोक हातात धरून खाली बघायचं. सासरे, चुलत सासरे, भावकीतली म्हातारी माणसं, घरात सारखी कुणाची ना कुणाची ये-जा. मी विसरले की आत्या लांबून नुसत्या खाकरायच्या. पुढं खाकरायची गरज राहिली नाही. मालकांबरोबर फौजेच्या क्वार्टरमध्ये राहिले, पंजाबी ड्रेस घातले, तरी साहेब समोर आले की हात खांद्याकडं जायचाच. आता त्याचं मला कळणंसुद्धा बंद झालं होतं.

हाताची लाज वाटली, पण ती थोडीच. राग जास्त आला. एखाद्या मुलीचं बोट वाकडं झालं तर ताई अख्खा वर्ग थांबवतात. माझा हात दोन वर्षं असा फिरतोय, तो त्यांना दिसला नसेल होय? मी चहा तसाच ठेवला आणि स्कूटी काढली.

ताई माडीवर एकट्याच होत्या. चामड्याच्या पट्टीवर सैल झालेले घुंगरू शिवत होत्या. मी बसलेसुद्धा नाही. म्हटलं, "ताई, माझा उजवा हात तुम्हाला दिसतो का?"

त्यांनी सुई थांबवली. काय म्हणतेय ते त्यांना लगेच कळलं. "दिसतो," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून, काकू."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी घुंगरांची पट्टी बाजूला ठेवली. मग सांगितलं. आधी एक बाई येत होत्या, वयानं अशाच मोठ्या. ताईंनी त्यांना वर्गात सांगितलं, पोट आत घ्या, बेंबीपासून ताठ व्हा. दुसऱ्या दिवशी त्या बाईंचे मिस्टर माडीवर आले. आमच्या घरातल्या माणसाशी असं बोलता तुम्ही, वय काय तुमचं, असं सगळ्यांसमोर विचारून गेले. त्या बाई आल्याच नाहीत, आणि त्यांच्या मैत्रिणीही गेल्या. "तेव्हापासून मोठ्या बायकांना मी काही बोलत नाही. आणि तुमचा हात तर घरातला आहे, काकू. त्याला मी कोण सांगणारी?"

"शिकवणारी," मी म्हटलं. "दुसरं कोण?"

"बोलले तर राग येईल तुम्हाला."

"येणारच. मला राग येतोच. पण मी येणं बंद करणार नाही, आणि आमचे मालकही माडी चढून येणार नाहीत. त्यांचे गुडघे माझ्यापेक्षा खराब आहेत."

तेव्हा ताई हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. म्हणाल्या, "मग नीट ऐका. बायकांच्या बॅचमध्ये नाही बोलता येणार मला. मुलींच्या बॅचला यायचं. तिथं काकू-बिकू काही नाही. पुढच्या दसऱ्याला तुम्ही एकटीनं अलारिपू करायचा. आणि हात गेला, तर तुम्हाला कार्यक्रमातून काढताना मी लाजणार नाही. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं.

मुलींच्या बॅचमध्ये सगळ्यात मागं उभी राहायला गेले, तर ताईंनी काठीनं पुढची जागा दाखवली. आणि सुरू झालं. हात. हात. परत. हात. काठी ठोकळ्यावर इतक्या जोरात यायची की खालचा तारा जुळवणारा थांबत असेल. मुली ओढणीत तोंड घालून हसायच्या. पंधरवडाभर असं चाललं आणि एक दिवस ताईंनी काठी खाली ठेवली, सगळ्या मुलींना बसवलं आणि मला एकटीला उभं ठेवलं.

"ठेका येतो, पाय येतो, पाठांतर या सगळ्या पोरींपेक्षा चांगलं आहे, आणि नाचताना दर वेळी हाताला विचारून पुढं जातेस? लाज नाही वाटत? वय झालंय म्हणून सूट पाहिजे असेल तर दुपारी जाऊन बस. इथं उभी राहणार असशील तर हात तुझा आहे, तुझा तू सांभाळ. मी किती वेळा ठोकू?"

बोलण्याच्या भरात त्या अगं-तुगंवर आल्या, आणि त्यांचं त्यांना कळलंही नाही. माझे कान तापले. मी मेढ्याची, एरवी असं कुणी बोललं असतं तर दोन ऐकवून आले असते. पण घरी येताना स्कूटीवर ते बोलणं परत आठवायला लागले आणि माझ्या लक्षात आलं, ठेका येतो, पाय येतो, पाठांतर सगळ्यांपेक्षा चांगलं. दोन वर्षं छान छान ऐकलं, त्यात हे कुणी सांगितलं नव्हतं. वाटेत दुकानातून मी रवा घेतला.

आत्यांना हे पटेना. संध्याकाळी त्या मालकांना म्हणाल्या, "तुझ्या बायकूला काल आलेली पोरगी बोलती आन् ही शिरा करती. बग बाबा काय ते."

मालक म्हणाले, "आये, आमच्या ट्रेनिंगला उस्ताद हुता. ज्याच्याकडनं काय हुनार न्हाई, त्याला तो काय बोलायचाच न्हाई. ज्याच्याकडनं हुईल असं वाटायचं, त्यालाच रगडा."

"म्हंजी ही फौजंत निघाली व्हय आता," आत्या म्हणाल्या आणि वाटी चाटूनपुसून खाली ठेवली.

शिरा एकदाच झाला. पुढचे महिने काही गोड नव्हते. गुडघे सुजायचे. एकदा मी ताईंना बोलता बोलता सांगितलं, की लहानपणी माहेरी चिखलात वाकून भात लावायचो, म्हणून पाठ वाकायची सवय आहे. तर दुसऱ्या दिवशी वर्गात, "पाठ. भात लावायला नाही आलो आपण." सगळ्या मुली हसल्या. मला इतका राग आला की संध्याकाळभर मी घरात कुणाशी धड बोलले नाही. पण पाठ सरळ झाली. नजर वर आली. गुडघे बाहेर गेले. हात तेवढा जाईना.

ताईंनीच शेवटी त्याचं मूळ शोधलं. त्या माझ्या मागं उभ्या राहिल्या की हात जागेवर असायचा. पुढं येऊन माझ्याकडं रोखून बघितलं की निघालाच. त्यांनी दोनदा पुढं-मागं करून बघितलं. मग म्हणाल्या, "हे इथलं नाही. हे घरी सोडवा."

"घरी?"

"इथं तासभर सुधारायचं आणि घरी दिवसभर बिघडवायचं, कसं जमेल? घरी पदराला पिन लावा, टोक कमरेला खोचा. मग कुणी का येईना समोर, हात लावायचा नाही."

मी म्हटलं, "ताई, तुम्हाला आमचं घर माहीत नाही."

"घर नाही माहीत. हात माहीत आहे," त्या म्हणाल्या आणि काठी उचलली.

आजवर त्यांनी पाय सुधारला, पाठ सुधारली, त्याचं मला काही वाटलं नव्हतं. पण हे थेट आमच्या सोप्यात येऊन बसलं. दोन दिवस मी विचार केला. तिसऱ्या दिवशी सकाळी पिन लावली आणि पदर खोचला.

आत्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. "पदर असा काय बांधलायस? उसात चाललीस का?"

मी त्यांना सगळं सांगितलं. व्हिडिओ दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो बघितला, मोबाईल परत दिला आणि म्हणाल्या, "म्हंजी म्या शिकवलं ते चूक व्हय?"

मी म्हटलं, "चूक न्हाई आत्या. पण तिथं चालत न्हाई."

त्यानंतर आत्या माझ्याशी बोलेनात. मी समोर असताना मालकांना सांगायच्या, "तिला म्हणावं, च्यात साखर कमी हाय." मालक मला सांगायचे, मी साखर घालायची. मला वाईट वाटत होतं. लग्नानंतर मालक सीमेवर आणि मी इथं, तेव्हा रात्री याच बाईनं मला शेजारी घेऊन झोपवलं होतं. त्यांनी जे शिकवलं ते प्रेमानंच शिकवलं होतं. तरीही मी पिन काढली नाही. हात मात्र दिवसातून किती वेळा पिनेला जाऊन टोचून परत येत होता, ते माझं मला ठाऊक.

उन्हाळ्यात एका दुपारी थोरले चुलत सासरे आले. भावकीतले सगळ्यात वडील, टोपी, काठी, मोठा आवाज. सोप्यात कॉटवर आत्या वाती वळत बसल्या होत्या. मी चहा आणि बिस्किटं घेऊन गेले. कप त्यांच्यापुढं ठेवला, त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं, आणि झालंच, हात निघाला.

"हात," आत्या कॉटवरून म्हणाल्या.

चुलत सासऱ्यांनी बिस्किटाकडं नेलेला हात झटकन मागं घेतला.

"तुमास्नी न्हाई आवं, तुमी खावा," आत्या म्हणाल्या. "सुनंला म्हणलं."

"का? तिनं काय केलं?"

"तिचा नाच बसवायचाय," आत्या म्हणाल्या आणि पुढची वात वळायला घेतली.

माझा हात तिथंच हवेत राहिला होता. तो मी खाली घेतला. आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. रडू आलं. आलं म्हणजे आलं, त्यात लपवायचं काय.

त्या दिवसापासून मला दोन मास्तरणी झाल्या. दूध घालायला निघाले, पाहुणे आले, देवापुढं बसले, कुठूनही आवाज यायचा, हात. ताईंची काठी परवडली, असं व्हायचं. आत्या डोळे मिटून जप करत असल्या तरी त्यांना कळायचं. एकदा मी विचारलं, "आत्या, तुमाला पटलं का मग?"

"पटायचं काय त्यात," त्या म्हणाल्या. "म्या लावलेली सवय हाय. मोडायची तर म्याच मोडीन. ती परकी पोरगी कशापायी?"

मी हे ताईंना सांगितलं. त्या कधी नव्हे ते मोठ्यानं हसल्या, आणि लगेच म्हणाल्या, "चला, अरमंडी."

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच्या तालमीला ताई माझ्या अगदी समोर, हातभर अंतरावर उभ्या राहिल्या आणि सगळा अलारिपू डोळ्यांत डोळे घालून बघितला. शेवटाकडं ठेका बदलला आणि हात कमरेवरून सुटला. वर गेला नाही. अर्ध्यातून परत आला. पण सुटला होता, हे दोघींनी बघितलं.

ठरल्याप्रमाणं काढायला हवं होतं. मी वाट बघत उभी राहिले. शेवटी ताई म्हणाल्या, "आपणहून परत आला, म्हणून उद्या उभी करते. उद्या स्टेजवर गेला, तर नंतर दुपारची बॅच. मी परत या हातावर काठी ठोकणार नाही."

त्या दुपारच्या बॅचमधलं 'छान काकू' मला स्पष्ट ऐकू आलं. घरी जाऊन मी कुणाला काही सांगितलं नाही. आत्यांनी चेहरा बघितला आणि जेवायला वाढ म्हणाल्या.

कार्यक्रम सांगलीच्या नाट्यगृहात होता. मी आपली समजत होते, मालक आणि आत्या येतील. पडद्याच्या फटीतून बघितलं तर पहिली अख्खी रांग आमची. भावकी टेम्पो करून आली होती. आत्यांनीच घरोघर सांगितलं होतं. मधोमध थोरले चुलत सासरे, टोपी घालून, काठीवर दोन्ही हात ठेवून. ज्या ज्या माणसापुढं माझा हात आजवर गेला होता, ती सगळी माणसं ओळीनं बसली होती. मी ताईंकडं बघितलं. त्या बाजूला झांजा घेऊन बसत होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

दिवे लागले. मला वाटलं होतं, उजेडात पुढचं काही दिसणार नाही. पहिली रांग चांगली स्वच्छ दिसत होती. अलारिपूची सुरुवात नजरेनं होते, आणि नजर समोर टाकायची असते. मी ती समोर टाकली, ती नेमकी चुलत सासऱ्यांवर पडली. लग्न झाल्यापासून या माणसाच्या तोंडाकडं मी सरळ कधी बघितलं नव्हतं. मी बघत राहिले. थोड्या वेळानं त्यांनीच टोपी नीट केली आणि खाली बघितलं.

मग मान, मग खांदे, मग अरमंडीत बसले. पाय पडत होते. पाठ सरळ होती, ते आतून कळत होतं. ठेका बदलायची जागा आली आणि उजव्या खांद्यात ती ओढ उठली. नेहमीची. ती काही गेली नव्हती, आणि बहुतेक जाणारही नाही. आत्यांकडं बघायची हिंमत झाली नाही. हात कमरेवर होता. तिथंच राहिला. पुढची जागा आली, परत ओढ उठली, हात राहिला. शेवटची जागा आली, काल सुटला होता ती. राहिला.

नाच संपवून नमस्कार करताना मला स्वतःचा इतका अभिमान वाटत होता की टाळ्या मी नीट ऐकल्यासुद्धा नाहीत. मुलीच्या दहावीला वाटला होता, मालकांच्या बढतीला वाटला होता. पण ते दुसऱ्याचे होते. हा माझा स्वतःचा होता, आणि त्यात वाटा द्यायला मी तयार नव्हते. बरं, एका माणसाला दिला असता.

आत गेले तर दुपारच्या बॅचमधल्या बायकांनी घेरलं. छान झालं, छान केलंस. मुलींनी घाम पुसायला टॉवेल दिला. ताई पुढच्या नाचातल्या मुलीच्या केसात पिना खोचत होत्या, दोन पिना तोंडात. मी समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी पिना काढल्या आणि म्हणाल्या, "शेवटी डावा गुडघा आत आला. मंगळवारी अर्धा तास आधी ये." आणि पिना परत तोंडात घालून मुलीचं डोकं फिरवलं.

मी बाहेर आले. आत्या खुर्चीवर तशाच बसून होत्या. मी पाया पडले आणि त्यांच्याशेजारी बसले. त्यांनी हळूच विचारलं, "काय म्हणली बाई?"

"डावा गुडघा चुकला म्हणाल्या."

"आन् हाताचं?"

"हाताचं काय बोलल्या न्हाईत."

आत्यांनी मान हलवली. स्टेजवर पुढच्या मुली येऊन उभ्या राहत होत्या. त्या तिकडं बघत म्हणाल्या, "घरी गेल्यावर शिरा टाक."

"आता कशाचा, आत्या?"

"गुडघ्याचा," आत्या म्हणाल्या. "हाताचा खाऊन झालाय."